‘लेव्हो’ म्हणजे डावा

मागील अंकात या सदरात कंपवाताच्या लक्षणांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. शब्द निरनिराळे असले तरी आशय असा : “आईंना लेव्होडोपाची गोळी चालू आहे. ती रासायनिक. तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक रूपात असते असे वाचनात आले. मग गोळी थांबवून बियांचे चूर्ण सुरू केले, तर त्यात वावगे काय?” प्रश्न रास्त आहे. त्यातील माहितीही बव्हंशी खरी आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर ‘करू नका’ एवढ्यावर भागवणे मला प्रशस्त वाटत नाही. उत्तरासाठी रसायनशास्त्राच्या अंगणात थोडे जावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये; वाट फार लांबची नाही.

आपल्या मेंदूच्या मध्यभागी खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा आहे. या पेशी आहारातील प्रथिनांतून मिळणारे टायरोसीन नावाचे अमिनो आम्ल घेतात. एक विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते, त्यापासून डोपा तयार करते. दुसरे विकर त्या डोपापासून डोपामीन करते. हालचालींत जो सहजपणा असतो, कपातला चहा न सांडता ओठांपर्यंत नेण्यात जे काही असते, ते बऱ्याच अंशी या डोपामीनवर अवलंबून आहे. कंपवातात या पेशी हळूहळू कमी होत जातात. बाहेरून डोपामीनच दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याच्या एक पायरी अलीकडचा डोपा मात्र शिरतो. म्हणून गोळीत डोपा.

हे द्रव्य शेंगांतले आहे हे पत्रलेखकांचे म्हणणे अगदी बरोबर. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मार्कुस गुगेनहाइम या रसायनज्ञाने ते बाकल्याच्या शेंगांतून वेगळे केले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन पाहिले. त्यांना जोराच्या उलट्या झाल्या. (पहिल्या दिवशी गोळी घेऊन मळमळलेल्या रुग्णांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो.) १९३७ मध्ये मद्रासच्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, बियांतून मिळवले. तरीही ते औषध आहे हे कळायला पुढे दोन दशके लागली. स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे रेसर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळांतले. ससे निपचित पडले. मग डोपा टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. हे १९५७ चे. तीन वर्षांनी व्हिएन्नात ओलेह होर्निकीविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंत डोपामीन अत्यल्प असल्याचे दाखवले, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांना खुर्चीतून उठवले.

येथे अडचण उद्भवली. कोट्झियास यांनी प्रथम वापरलेला डोपा प्रयोगशाळेत बनवलेला होता, आणि तो ‘मिश्र’ होता. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. मिश्र म्हणजे काय, हे समजले की या लेखाचे अर्धे काम झाले.

देवळाबाहेर अंधारात घाईने चप्पल चढवताना डाव्या पायात उजवी गेली, तर पायाला तत्काळ कळते. दोन्ही चपलांचे चामडे एक, माप एक, टाके तितकेच. आरशात पाहिले तर एक दुसरीसारखीच दिसेल. पण एक दुसरीच्या जागी बसत नाही. पुष्कळ रेणूंचे असेच असते : तेच अणू, तीच जोडणी, पण एक रूप डावे आणि दुसरे उजवे. याचा पडताळा स्वयंपाकघरातही मिळतो. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाचा वास यांत कोणी गल्लत करणार नाही. दोहोंमागे मुख्यतः कार्व्होन हेच द्रव्य आहे. एकात डावे, दुसऱ्यात उजवे. फरक नाकाला कळतो, याचा अर्थ नाकातील ग्राहक-रेणूंनाही डावे-उजवे आहे. शरीरातील प्रथिने तर सरसकट डाव्या अमिनो आम्लांचीच बनलेली. त्यामुळे डाव्या डोपाचे डोपामीन करणारे विकर उजव्या डोपाला हात लावत नाही. उजवा डोपा उपयोगाचा नाही; शरीराला तो फक्त वागवावा लागतो, आणि त्याचा त्रास होतो. गोळीच्या पट्टीवरील ‘लेव्हो’ हा शब्द त्यासाठीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ डावा.

खाजकुइलीच्या वेलाला हा पेच कधी पडला नाही. त्याच्या विकराच्या अंगी एक खोबण असते. तीत टायरोसीनचा रेणू एकाच बाजूने बसतो, आणि डावाच डोपा बाहेर पडतो. कारखान्यातल्या भांड्यात मात्र अशी खोबण नसते. तेथे डावा आणि उजवा निम्मा-निम्मा तयार होतो. मग दोन्ही निवडून वेगळे करायचे, आणि अर्धा माल बाजूला काढायचा. औषध महाग पडण्याचे ते एक मोठे कारण होते. विकरासारखे एकच रूप घडवण्याचे काम माणसाने बनवलेल्या लहानशा रेणूला साधेल, असे त्या काळी फार थोड्यांना वाटत होते. ते विकराचेच काम, अशी समजूत होती.

विल्यम नोल्स हे त्या थोड्यांपैकी. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात मोन्सॅन्टो कंपनीच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. ही कंपनी व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीमला व्हॅनिलाचा स्वाद देणारे द्रव्य, मोठ्या प्रमाणावर बनवीत असे, आणि गंमत अशी की लेव्होडोपा बनवण्याची सुरुवात व्हॅनिलिनपासूनच करता येते. शेवटाकडच्या एका पायरीवर एक चपटा रेणू हाती येतो. त्याला हायड्रोजन जोडला की डोपाचा सांगाडा तयार. चपट्या रेणूला भाकरीसारख्या दोन बाजू. हायड्रोजन एका बाजूने बसला तर डावे रूप, दुसऱ्या बाजूने बसला तर उजवे. म्हणजे हायड्रोजनला एकच बाजू मोकळी ठेवील असे काहीतरी हवे होते.

लंडनमध्ये जेफ्री विल्किन्सन यांनी ऱ्होडियम या मौल्यवान धातूचा एक उत्प्रेरक नुकताच तयार केला होता. उत्प्रेरक म्हणजे क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ; विकरे हे निसर्गाचे उत्प्रेरक. ऱ्होडियमच्या अणूला फॉस्फरसयुक्त गट हातांसारखे जोडलेले होते. नोल्स यांनी ते हात काढून त्या जागी असे हात बसवले की ज्यांना स्वतःलाच डावे-उजवेपण आहे. १९६८ मध्ये त्यांनी आणि सबॅकी यांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या प्रयोगात एका रूपाचे आधिक्य जेमतेम १५ टक्के आले. औषधासाठी हा आकडा निरुपयोगीच. पण शून्य नव्हता. मग हात बदलत गेले, गट लहान-मोठे करून पाहिले गेले, आधिक्य ८८ टक्क्यांवर आले, आणि अखेर विनयार्ड या सहकाऱ्यासह बनवलेल्या, दोन फॉस्फरसचे हात एकत्र जोडलेल्या उत्प्रेरकाने ९५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. १९७४ पासून कंपनी याच रीतीने लेव्होडोपा बनवू लागली. उत्प्रेरकाचा एक रेणू डाव्या डोपाचे हजारो रेणू घडवतो. म्हणून धातू महाग असूनही हिशेब जुळतो. २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक र्योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांच्यासह नोल्स यांना मिळाले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि निवृत्त होऊन १५ वर्षे लोटली होती.

या कथेतला एक तपशील मला विशेष आवडतो. सर्वांनी गृहीत धरले होते की हा उत्प्रेरक विकराप्रमाणेच वागत असणार : जे रूप खोबणीत घट्ट बसते त्याचेच काम होते, कुलूप-किल्लीसारखे. शिकागोच्या जॅक हाल्पर्न यांनी बारकाईने तपासले, तर उलटेच निघाले. उत्प्रेरकाला जो रेणू अधिक घट्ट चिकटून बसतो तो नुसताच बसून राहतो. सैलसर बसलेला रेणू मात्र झपाट्याने काम उरकून बाहेर पडतो, आणि मालाचा बहुतांश त्याचाच असतो. विकराचे कसब साधले, पण वाट निराळीच निघाली.

पुढे गोष्टीला आणखी एक वळण मिळाले. मधुमेहासाठी आपल्यापैकी अनेक जण सिटाग्लिप्टिन घेतात. भारतात २०२२ मध्ये त्याचे पेटंट संपल्यावर ते स्वस्तही झाले. या औषधातही डावे-उजवे आहे, आणि सुरुवातीला ते ऱ्होडियमचाच उत्प्रेरक वापरून बनवत. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी एका जिवाणूजन्य विकरात टप्प्याटप्प्याने इतके बदल केले की जो रेणू मूळ विकराच्या खोबणीत मावतच नव्हता तो तीत बसू लागला, आणि धातूची जागा विकराने घेतली. लेव्होडोपासुद्धा आज जिवाणूंच्या विकराकडून बनवून घेता येतो. तेव्हा पट्टीतील गोळी धातूच्या साह्याने घडली की विकराच्या, हे रुग्णाला सांगता येणार नाही. शुद्ध केलेल्या डोपाच्या रेणूवर त्याची खूण राहत नाही. खाजकुइलीच्या बीतला डोपा आणि गोळीतला डोपा हाही अगदी एकच रेणू आहे.

मग चूर्ण का नको? कारण प्रश्न मात्रेचा आणि सोबत्याचा आहे.

डोपाचे डोपामीन करणारे विकर फक्त मेंदूत नसते. ते आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडातही असते. नुसता लेव्होडोपा घेतला तर त्याचा फार मोठा भाग वाटेतच डोपामीन होऊन जातो. तो मेंदूत पोहोचत नाही. मळमळ, उलटी आणि रक्तदाब उतरणे यांसाठी मात्र कारण ठरतो. गुगेनहाइम यांचे तेच झाले. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात. हा रेणू दिसायला डोपाच्या भावकीतला. वाटेवरचे विकर त्यालाच डोपा समजून धरून बसते आणि अडकते. कार्बिडोपा स्वतः मेंदूत शिरत नाही, त्यामुळे तेथील विकर मोकळे राहते. यामुळे लेव्होडोपाची गरज सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होते. गोळीच्या नावापुढील आकडे याच जोडीचे असतात. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. “१२५ ची नाही, ११० ची घेऊन जा, थोडाच फरक आहे,” असे औषधाच्या दुकानात कोणी सांगितले तर ते स्वीकारू नका. लेव्होडोपा दोहोंत सारखाच आहे, पण कार्बिडोपा निम्म्याहून कमी होतो, आणि दिवसाकाठी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात गेल्याशिवाय ते वाटेवरचे विकर पुरते आवरले जात नाही.

चूर्णात हा सोबती नसतो. कपिकच्छूच्या बियांत लेव्होडोपाचे प्रमाण साधारणतः ३ ते ६ टक्के असते. चहाच्या चमच्याने पाच ग्रॅम चूर्ण घेतले तर त्यात १५० मिलिग्रॅमही असेल आणि ३०० ही. पुडीवर ते लिहिलेले असेलच असे नाही. एका घरी एक चमचा सपाट भरतो, दुसऱ्या घरी शिगोशीग. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात, मोजून-मापून तयार केलेल्या ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. कपिकच्छू निरर्थक आहे असे माझे मत नाही. पण त्या ३० ग्रॅममध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम लेव्होडोपा होता, आणि त्याची तुलना होती ती २०० मिलिग्रॅमच्या, कार्बिडोपासह असलेल्या, मात्रेशी. घरी चमच्याने घेतलेले चूर्ण आणि तो अभ्यास यांचा मेळ बसत नाही.

पत्रांतून आणखी एक गोष्ट जाणवली, आणि ती मला अधिक काळजीची वाटते. काही घरांत गोळीही चालू आहे आणि चूर्णही, आणि डॉक्टरांना चूर्णाचा व वैद्यांना गोळीचा पत्ता नाही. नैसर्गिक असल्याने ते ‘औषधात धरायचे नाही’ असा समज असावा. रेणू तोच असल्याने मात्रा एकात एक मिळते. मग अंग आपोआप वळवळू लागते, उठल्यावर भोवळ येते, रात्री घरात नसलेली माणसे दिसू लागतात. आणि आजार वाढला असे समजून गोळी वाढवली जाते. वैद्यांकडून उपचार घ्यायचे असतील तर अवश्य घ्या, पण दोघांनाही दोन्ही पट्ट्या आणि पुड्या दाखवा. याउलट, चूर्ण सुरू करून गोळी एकाएकी बंद करणे हे त्याहून घातक आहे. अंग लाकडासारखे ताठ होणे, तीव्र ताप, शुद्ध हरपणे असा जीवघेणा प्रकार त्यातून होऊ शकतो. गोळी कमी करायची असेल तरी ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

स्वमदत गटांनी रुग्णाची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ असा सुंदर शब्द रूढ केला आहे. आता थोडे शुभंकरांसाठी. डोपा हे मुळात अमिनो आम्ल. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याला ज्या दारातून जावे लागते, त्याच दाराशी वरण, उसळ, दही, पनीर यांतून आलेली अमिनो आम्ले उभी असतात. गर्दी झाली की डोपा मागे राहतो. गोळी दुधाबरोबर घेण्याची आपल्याकडील सवय येथे आड येते. ती पाण्याबरोबर, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने द्यावी. सुरुवातीला मळमळत असेल तर एखादे साधे बिस्किट किंवा थोड्या लाह्या चालतील. मात्र याचा अर्थ वृद्ध माणसाचे डाळ-दूध बंद करणे असा मुळीच नव्हे. तसे केल्यास स्नायू झडतील, आणि पडण्याचा धोका आधीच आहे. ज्यांच्यात गोळीचा परिणाम दिवसभरात चढउतार करू लागला आहे, त्यांच्या आहारातील प्रथिनांचा मोठा भाग रात्रीच्या जेवणाकडे वळवता येतो, तोही डॉक्टरांना विचारून. लोहाची गोळी, किंवा लोह असलेली जीवनसत्त्वाची गोळी, डोपाला आतड्यातच जखडून टाकते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. लघवी किंवा घाम गडद दिसला तर घाबरण्याचे कारण नाही.

‘लेव्हो’ किंवा ‘एस’ हे उपसर्ग पाहून प्रत्येक औषध श्रेष्ठच मानावे असेही नाही. थायरॉईडच्या लेव्होथायरॉक्सिनमध्ये डावेपण अपरिहार्य आहे. आम्लपित्तावरील इसोमेप्राझोल आणि जुने ओमेप्राझोल यांत मात्र बहुतेकांना जाणवेल असा फरक नसतो, आणि किमतीत तो असेल तर डॉक्टरांना तसे विचारायला संकोच नको.

आता राहिली एक बाब. कंपवाताचा रुग्ण हाड मोडले, न्यूमोनिया झाला किंवा अशाच दुसऱ्या कारणाने रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा गोळीच्या वेळा चुकतात. तेथे औषधे वाटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि घरची साडेसहाची गोळी नऊला मिळते. म्हणून एका जाड कागदावर गोळीचे पूर्ण नाव, आकडा, वेळा, सोबतचे चूर्ण असल्यास तेही, ठळक अक्षरांत लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवा. त्याखाली आणखी एक ओळ लिहा : उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येते म्हणून प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन, आणि रात्री बडबड करतात म्हणून हॅलोपेरिडॉल, ही औषधे मेंदूरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. ती डोपामीनचे काम अडवतात. कागदाची एक प्रत घरच्या फ्रीजवर लावा, आणि एक रात्रपाळीच्या मदतनीस बाईंकडे असू द्या.